तळणीनंतर

हडर्सफील्डच्या दुकानात तेलाच्या फळ्यांसमोर
मी उभी राहिले, की नवरा ट्रॉली घेऊन
बिस्किटांकडे निघून जातो.
त्याला माहीत आहे, वेळ लागणार.

सूर्यफूल. मका. शेंगदाणा, पण फिकट,
वास काढून घेतलेला,
जणू शेंगेशी कधी ओळखच नव्हती.
ऑलिव्ह, हिरव्या बाटलीत, अंगाला हात न लावू देणारं.
खोबरेल बरणीत, बारा महिने गोठलेलं;
आमच्याकडे ते डिसेंबरात दोन आठवडेच रुसायचं.
आणि रेपसीड, ज्याची शेतं मे महिन्यात
मोटरवेच्या दोन्ही अंगांना पिवळी धमक होतात:
मोहरीची चुलत बहीण,
तिखटपणा तेवढा माहेरी ठेवून आलेली.

करडई नाही.
विचारलं तर इम्तियाज म्हणतो,
"आंटी, ते पक्ष्यांच्या दाण्यात मिळेल. बागेच्या दुकानात बघा."

अण्णांचं लातुरात तेलाचं दुकान होतं.
पत्र्याची मापं, काठाला काळा थर.
गिऱ्हाइकाच्या बाटलीवर माप उपडं धरून ते थांबत.
धार संपायची, मग तार, मग थेंब.
मागे माणसं खोळंबायची.
"शेवटचा थेंब आपला नसतो,"
एवढंच म्हणायचे, मान वर न करता.

तेल टाकूनही देतात
हे मला कुणी शिकवलंच नव्हतं.
तळणीचं फोडणीला, त्यातलं उरलेलं पराठ्याला,
तरी उरलंच तर दाराच्या बिजागरीला.
इथं आम्ही दोघंच, दिवाळी मात्र पूर्ण घाण्याची,
आणि ह्यांच्या छातीत दोन स्टेंट.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तापलेलं तेल पुन्हा नको.
म्हणून मी ते सिंकमध्ये ओतत गेले.
वर गरम पाणी, वर साबण,
आणि मनातल्या मनात अण्णांकडे पाठ.

सात दिवाळ्या.
आठवीला मोरी तुंबली.
ग्रॅहम प्लंबरने गुडघ्यावर बसून पाइप उघडला
आणि मुठीएवढा पांढरा गोळा
वर्तमानपत्रावर ठेवला.
मेणासारखा. वास मात्र ओव्याचा.
"काय तळता तुम्ही?"
मला चकलीचं इंग्रजी येईना,
मी बोटाने हवेत वेटोळं काढलं.
"ते सगळं इथंच आहे बघा," तो म्हणाला.

तूप डॉक्टरांनी बंद केलं, तेल मोरीत गेलं,
हाती धुपाटणं आलं ते पंच्याण्णव पौंडांचं.

शेजारची ब्रेंडा पोट धरून हसली.
तिच्या ओट्यावर चरबीचा वाडगा असतो,
रविवारच्या भाजलेल्या गोमांसाची, वर बशी झाकलेली.
चाळीस वर्षं चमचाभरही वाया गेली नाही, म्हणते.
त्या वाडग्याला मी शिवत नाही.
पण बोलते ती अगदी आमच्या गल्लीतल्यासारखी.
तिनेच सांगितलं: टिपवर तेलाची टाकी असते,
रात्रभर निवू दे, गाळ, बाटलीत भर, घेऊन जा.

घरात नरसाळं होतं. कशासाठी आणलं होतं, आठवेना.

शनिवारी टिपवर पिवळ्या जाकिटातल्या पोराने
झाकण उघडून वास घेतला. "चिप्स?"
मी पुन्हा वेटोळं काढलं.
त्याने मान हलवली, समजल्यासारखी.

टाकीच्या तोंडावर बाटली उपडी धरली.
धार.
मागे चार गाड्या, एकाने हॉर्न दिला.
तार.
नवरा काचेआडून हाताने सांगत होता: चल, चल.
मला हलता येईना.
"होऊ दे, लव्ह, सावकाश," पोरगा म्हणाला
आणि मागच्या गाडीला हात दाखवला.

नोव्हेंबरच्या थंडीत तेल जड झालं होतं.
थेंब बाटलीच्या ओठाशी आला,
लोंबला,
पडेना.